पुंगोलमार्गे सॅन अँटोनियो

उद्या सकाळी हे सगळं सिंगापूर बेट समुद्रात बुडालं, तर आपण कुठल्या गेटपाशी जमायचं, हजेरी कोणी घ्यायची आणि तिथे चहाची काय सोय आहे, हे आधीच ठरवून ठेवलेला माणूस या बेटावर एकच आहे, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. 'दुर्दैवाने' म्हणायची साडूंमध्ये पद्धत असते म्हणून म्हणतो. तसे ते सख्खे साडूही नाहीत. माझ्या बायकोच्या मावसबहिणीचे ते यजमान. पण परदेशात मावस-चुलत असे भेद परवडत नाहीत. बुकित तिमाहला त्यांचा काँडो, पुंगोलला आमचा फ्लॅट आणि मध्ये एम.आर.टी., म्हणजे इथली मेट्रो, एवढंच काय ते आमच्यातलं अंतर.

साडूभाऊ एका बँकेत नोकरीला आहेत. बँक म्हटली की लोकांना पैसे आठवतात, पण यांचा पैशांशी संबंध पगारापुरता. बँकेवर संकट आलं तर काय करायचं, हे संकट येण्याआधी ठरवून ठेवणं हे त्यांचं काम. आग लागली तर, वीज गेली तर, सगळ्यांना एकदम ताप आला तर! नुसतं ठरवून भागत नाही, त्याची तालीमही घ्यावी लागते. वर्षातून एकदा ते चांगल्या हसत्याखेळत्या माणसांना जागेवरून उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला एका रिकाम्या ऑफिसात नेऊन बसवतात आणि संध्याकाळी परत आणतात. आजतागायत त्यांच्या बँकेवर एकही संकट आलेलं नाही, आणि याचं सगळं श्रेय ते स्वतःकडे घेतात. "आपण तयार आहोत हे संकटाला कळतं, साडूभाऊ," असं ते मला गंभीरपणे सांगतात. (आम्ही दोघंही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो. त्यामुळे आमच्या घरात "साडूभाऊंना चहा द्या" म्हटलं की दोन कप येतात.)

ऑफिसातलं काम ऑफिसात ठेवून घरी येणारी माणसं असतात. साडूभाऊ त्यांतले नव्हेत. गणपतीच्या आधीच्या रविवारी त्यांच्याकडे विसर्जनाची तालीम असते. मूर्ती अजून आलेली नसते, म्हणून पाटावर प्रेशर कुकर ठेवतात. कुकर कोणी धरायचा, लिफ्टचं बटण कोणी दाबायचं, झांजा लिफ्टमध्ये वाजवायच्या की बाहेर आल्यावर, हे सगळं ठरतं आणि ती मिरवणूक खरोखरच खाली बागेपर्यंत जाऊन येते. एका वर्षी शेजारच्या चिनी आजीबाई लिफ्टमध्ये होत्या. त्यांनी कुकरला मनोभावे हात जोडले. तेव्हापासून त्या ताईंना, म्हणजे साडूभाऊंच्या मंडळींना, दर वर्षी विचारतात की तुमचा तो शिट्टीवाला देव यंदा कधी येणार.

ताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन नोव्हेनाच्या हॉस्पिटलात व्हायचं होतं, तेव्हा हे आदल्या दिवशीच तिथे जाऊन पोचले. दारापासून लिफ्टपर्यंत जायला व्हीलचेअरला किती वेळ लागतो ते बघायला स्वतःच तिच्यात बसले. एका तत्पर नर्सबाईंनी त्यांना पेशंट समजून आत नेलं आणि ब्लडप्रेशर तपासलं, तर ते भलतंच वाढलेलं निघालं. ताईंचं ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, आठवड्याभरात पोळ्या लाटायला लागल्या. यांच्या गोळ्या अजून चालू आहेत. "ह्यांची तालीमच लागू पडली," असं ताई म्हणतात. ताई फार बोलत नाहीत. इतक्या तयारीच्या माणसाबरोबर संसार करताना बोलायला जागाही फारशी उरत नसावी.

अशा माणसाच्या मुलीने ह्यूस्टनमध्ये घर करावं आणि तिला दिवस जावेत, म्हणजे तालमींना नुसतं उधाण आलं. तिचं बाळंतपण करायला दोघांनी जायचं ठरलं. डिंकाच्या लाडवांपासून टोपड्यापर्यंत सगळं ताईंनी दोन वाक्यांत ठरवून टाकलं, त्यामुळे साडूभाऊंच्या वाट्याला काहीच आलं नाही. मग त्यांनी आपल्यापुरता एक वेगळा विषय काढला. ह्यूस्टनहून सॅन अँटोनियोला गाडीने जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं.

सॅन अँटोनियोला त्यांचे थोरले भाऊ राहतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. लग्न केलं नाही, नोकरी करत राहिले, आता निवृत्त होऊन एकटेच असतात. या दोन भावांत बोलणं नव्हतं. दिवाळीला एक पणतीचं चित्र इकडून जायचं, एक पणतीचं चित्र तिकडून यायचं. हे मला साडूभाऊंनी कधी सांगितलं नाही. ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोने "कुणाला बोलू नका" असं बजावून मला सांगितलं.

झालं होतं ते एवढंच. त्यांची आई चिंचवडच्या घरी वारली तेव्हा साडूभाऊ आधी पोचले आणि त्यांनी सगळं हातात घेतलं. कोण कुठे बसणार, काय कधी होणार, सगळं ठरवून टाकलं. दादांचं विमान चुकलं, ते उशिरा आले. आईचं दर्शनही झालं नाही. आल्यावर ते स्वयंपाकघरात आईच्या पाटावर जाऊन बसले आणि म्हणाले, "मला जरा इथे एकट्याला बसू दे." तेव्हा गुरुजी यायचे होते, पाट हवा होता. साडूभाऊ चार माणसांत बोलून गेले, "दादा, तू पाहुणा आहेस. पाहुण्यासारखा बाहेर बस. इथलं सगळं ठरलेलं आहे." दादा उठले, बाहेर बसले. तेराव्या दिवसापर्यंत पाहुण्यासारखे राहिले आणि जायच्या दिवशी बॅग उचलून जिना उतरले. आपल्याकडे घरातून प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात, तो सुखरूप परत यावा म्हणून. त्या घरात ते काम आईचं होतं. आई नाही म्हणून ताई वाटी-चमचा घेऊन दारात आल्या होत्या. दादा थांबले नाहीत. ताई म्हणतात, ती वाटी किती तरी वेळ त्यांच्या हातात होती आणि ती कुठे ठेवायची ते त्यांना कळेना.

आता साडूभाऊंनी दादांना लिहिलं होतं, "अमुक शनिवारी दुपारी येतो. संध्याकाळी निघतो." दादांचं उत्तर आलं होतं. एक अंगठा.

त्या अंगठ्याने साडूभाऊंची झोप उडवली. ते मला फोन करून विचारायचे, "अंगठा म्हणजे 'ये' की 'बरं, कळलं'?" मी म्हणायचो, "ये." मग ते म्हणायचे, "मग 'ये' असं लिहायला काय झालं होतं? दोन बोटं जास्त लागली असती." मी एकदा सुचवलं की इतक्या लांब जाताच आहात तर एक रात्र राहा. त्यावर ते एकदम बँकेतल्या आवाजात म्हणाले, "राहायला त्याने बोलावलेलं नाही. न बोलावता राहणं प्लॅनमध्ये बसत नाही. पाहुण्याने वेळेवर यावं आणि वेळेवर उठावं." 'पाहुणा' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला.

मग रस्त्याचा अभ्यास सुरू झाला. रोज जेवण झालं की ते कॉम्प्युटरवर तो रस्ता उघडायचे आणि चित्रांतून थोडं थोडं पुढे सरकायचे. आज कोलंबसपर्यंत आलो, आज शुलेनबर्ग ओलांडलं, असं गावाला निघालेल्या माणसासारखं सांगायचे. लुलिंगच्या आसपास कुठल्या पंपावर स्वच्छतागृह चांगलं, यावर त्यांनी ह्यूस्टनच्या आपल्या जावयाशी वाद घातला आणि जिंकला. जावई तिथे इतकी वर्षं राहतो, पण तो सॅन अँटोनियोला एकदाच गेला होता, आणि तेही झोपून. "जाताना सकाळी पश्चिमेला जायचं, ऊन पाठीशी. येताना संध्याकाळी पूर्वेला यायचं, ऊन पुन्हा पाठीशी," असं ते मला सांगायचे, जणू टेक्सासची दिशाच त्यांनी लावून घेतली होती.

अडचण एकच होती. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि इकडे डाव्या. उजव्या बाजूचा सराव सिंगापूरच्या रस्त्यावर केला तर माणूस टेक्सासऐवजी तुरुंगात जायचा. म्हणून साडूभाऊंनी तो सुपरमार्केटात केला. हातात ट्रॉली घेऊन ते डाळी-तांदळाच्या, साबणांच्या, बिस्किटांच्या गल्ल्यांतून कटाक्षाने उजवीकडून फिरू लागले, वळणावर हात दाखवू लागले. समोरून येणाऱ्या बायका डावीकडून येत. ट्रॉलीवर ट्रॉली आदळे. एक बाई म्हणाल्या, "अंकल, वॉक प्रॉपर्ली लाऽ!" साडूभाऊंनी त्यांची क्षमा मागितली आणि "आय ॲम इन टेक्सास" असं कारण दिलं. बाई मुकाट्याने अंडी न घेताच निघून गेल्या.

आणि शेवटी, निघायच्या आदल्या आठवड्यात, रंगीत तालीम जाहीर झाली. यांच्याकडे गाडी नाही. इथे गाडी बाळगणं म्हणजे हत्ती पोसणं. म्हणून भाड्याने आणली. बुकित तिमाहचा त्यांचा काँडो म्हणजे ह्यूस्टन, आणि पुंगोलचा आमचा फ्लॅट म्हणजे सॅन अँटोनियो. आता ह्या दोन गावांत फार तर अर्ध्या तासाचं अंतर. इथे तासभर सरळ गाडी हाकली की समुद्र लागतो, नाहीतर मलेशिया. टेक्सासचा तीन-सव्वातीन तासांचा रस्ता या बेटावर बसवायचा तर बेटाला प्रदक्षिणा घालायला हव्यात. त्या आम्ही घातल्या. गाडी चालवायला साडूभाऊ, शेजारी रस्ता सांगायला ताई आणि मागे मी, "तटस्थ निरीक्षक" म्हणून.

मी तटस्थपणे सांगतो की असा प्रवास मी पुन्हा करणार नाही. एकाच पुलाखालून आम्ही इतक्यांदा गेलो की तिथे झाडं कापणारा माणूस शेवटी शेवटी आम्हांला हात करू लागला. पहिल्यांदा तो पूल आला तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "हे केटी." दुसऱ्यांदा आला तेव्हा, "कोलंबस." तिसऱ्यांदा, "शुलेनबर्ग. इथे गाई दिसतील." मी बाहेर पाहिलं. कंटेनर दिसले. ताईंनी ठरल्याप्रमाणे एका जागी दशम्या आणि लसणाची चटणी काढली. मी म्हटलं, "ताई, माझं घर इथून दहा मिनिटांवर आहे, गरम जेवू." ताई शांतपणे म्हणाल्या, "आपण अजून लुलिंगला आहोत."

सॅन अँटोनियो जवळ आलं तेव्हा माझी भूमिका बदलली. त्यांनी मला आमच्या इमारतीखाली उतरवलं आणि ते आणखी एक फेरी मारायला गेले. तेवढ्यात मी वर जाऊन दादा व्हायचं होतं. बेल वाजली की दार उघडायचं आणि "ये" म्हणायचं, बस्स. मी धापा टाकत वर गेलो. आमच्या कन्येने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका ऑलरेडी केम लास्ट संडे, व्हॉट. व्हाय बाबा प्रिटेंडिंग?" तिला काय सांगणार!

बेल वाजली. मी दार उघडलं. साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, चकल्यांचा डबा दोन्ही हातांत धरून उभे होते. मागे ताई. आता मी "ये" म्हणायचं होतं. पण मी नाटकांतून कामं केलेला माणूस, एका शब्दावर माझं भागत नाही. मी म्हणालो, "ये रे. किती वेळ लावलास!"

साडूभाऊ आत आले नाहीत. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, मी काही वाईट बोललो. मग त्यांचे डोळे भरून आले. डबा हातात असल्यामुळे त्यांना ते पुसता येईनात. शेवटी ताईंनीच पदराने पुसले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "हे तो म्हणाला नाही तर?"

ज्या माणसाकडे पाऊस आला तर, लिफ्ट बंद पडली तर, बँक जळाली तर, सगळ्याचा बंदोबस्त होता, त्याच्याकडे या एका 'तर'ला काही नव्हतं. ताई म्हणाल्या, "नाही म्हणाले तर चहा पिऊ आणि परत येऊ. भाऊ बघून तर होईल." आणि त्या आत जाऊन माझ्या बायकोला पानं वाढायला मदत करू लागल्या.

जेवणं झाली. ठरल्या वेळेला साडूभाऊ परतीच्या तालमीसाठी उठले. माझी बायको सवयीने फ्रिजमधून दही घेऊन आली. "भावोजी, हात करा." साडूभाऊंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "आज नको," ते म्हणाले. "आज कुठे खरं निघालोय!" दारात चपला घालताना मात्र ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. "दादाच्या हातावर ते राहिलं, साडूभाऊ. आईच्या घरातून तो तसाच गेला. माझ्यामुळे गेला." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि दिवसभर मनातल्या मनात त्यांना हसलो होतो त्याचंही वाटलं.

ते अमेरिकेला गेले. तो शनिवार आला. तिकडची सकाळ म्हणजे इकडे आमची रात्रीच्या जेवणाची वेळ. साडूभाऊंचे निरोप येऊ लागले. "निघालो. ऊन पाठीशी." मग, "कोलंबस पार." मग, "गाई दिसल्या." मी कन्येला म्हटलं, "बघ, खऱ्या गाई." मग, "लुलिंग. स्वच्छतागृह अपेक्षेप्रमाणे." आम्ही झोपेपर्यंत ते सेगीनच्या पुढे गेले होते. सकाळी उठून पाहिलं तर "पोचलो" आला होता. त्यापुढे काहीच नाही. एव्हाना परतीचा "निघालो" यायला हवा होता. उगाच काहीतरी करायचं म्हणून मी पोहे केले. पोहे खाऊन झाले तरी निरोप नाही. साडूभाऊ आणि निरोप नाही! बायको म्हणाली, "भांडले असतील का हो पुन्हा?" माझ्याही मनात तेच होतं. मी फोन हातात घेऊन गॅलरीत येरझारा घालत होतो, तेवढ्यात ताईंचाच फोन आला.

"आम्ही राहतोय," ताई म्हणाल्या. "दही लागलेलं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ताई इतकं सलग बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. दादांनी दार उघडलं ते काहीच न म्हणता. नुसते बाजूला झाले. हे दोघं आत जाऊन बसले. चकल्यांचा डबा मध्ये. विमान कसं होतं, पोरीची तब्येत कशी आहे, रस्ता कसा होता. रस्त्याचं विचारल्यावर साडूभाऊंनी रस्ता सांगितला, तोही पुलापुलासकट, आणि दादा ऐकत राहिले. मग दादा जेवणाचं बघायला उठले. ते घरीच दही लावतात, रोज, त्यांच्या आईसारखं. ओट्यावर चांगलं पातेलंभर दही होतं. ताई बघत होत्या. दादांनी त्यातलं चमचाभर विरजणाला काढून ठेवलं आणि बाकी सगळं कढीत ओतलं. "दहा माणसांना पुरली असती एवढी कढी," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, भावजी, एवढी कशाला? तर म्हणाले, असू दे."

संध्याकाळ व्हायच्या आत ठरल्याप्रमाणे साडूभाऊ उठले. "दादा, निघायला हवं. ऊन पाठीशी असतानाच..." दादा म्हणाले, "थांब." आत गेले आणि झाकण ठेवलेली वाटी घेऊन आले. झाकण काढून दाखवलं. आत दूध. "आत्ताच विरजलंय," ते म्हणाले. "सकाळपर्यंत लागेल."

साडूभाऊ गोंधळले. "दादा, कोपऱ्यावर दुकान आहे, तिथे दही मिळतं. मी येताना पाहिलंय."

"आईने कधी विकतचं दही हातावर घातलं होतं का? दह्याशिवाय कसा जाशील? बस खाली."

आणि ताई म्हणाल्या, हे बसले. लहान मुलासारखे बसले. जावयाला त्याची गाडी परत हवी होती, घरी पोरगी वाट बघत होती, सगळा आखलेला दिवस वाया गेला होता, आणि ह्यांना त्यातलं काहीही आठवलं नाही. मग दोघं भाऊ तीच कढी पुन्हा गरम करून प्यायले आणि आईबद्दल बोलत बसले. दादांना शेवटच्या दिवसांतलं काहीच माहीत नव्हतं. ह्यांनी सगळं सांगितलं. दादा विचारत होते आणि हे सांगत होते.

हे ऐकताना माझी बायको फोनला कान लावून माझ्या खांद्याशी उभी होती. फोन ठेवल्यावर ती फ्रिज उघडून आमचं विकतचं दही बघत राहिली.

नात झाली, टोपडी झाली, साडूभाऊ परत आले. परवा ते आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "पुढच्या वर्षीचा काय प्लॅन?" ते म्हणाले, "जायचंय. कसं ते अजून ठरवलं नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी पंधरा वर्षं थांबलो होतो, आणि आलं तेव्हा मला थोडं चुकल्यासारखंच झालं. दादा आता थकलेत, असंही ते म्हणाले. जिना चढताना कठड्याला धरतात.

मग चहा पिता पिता त्यांनी मला दादांकडच्या त्या सकाळचं सांगितलं, जे ताईंनीही सांगितलं नव्हतं. दही लागलं होतं. सकाळी दादांनी दारात उभं राहून त्यांच्या हातावर ते घातलं. साडूभाऊंनी खाल्लं. मग त्यांनी दादांच्या हातातून वाटी घेतली, चमचा घेतला आणि म्हणाले, "आता तू हात कर."

दादा म्हणाले, "अरे, मी कुठे चाललोय?"

"आईच्या दारातलं राहिलं होतं तुझं," साडूभाऊ म्हणाले.

दादांनी हात पुढे केला. ताई चपला घालून खाली गाडीपाशी उभ्या होत्या, आणि उशीर होत होता तरी त्यांनी कुणालाच हाक मारली नाही.